साफ आवाज

सौंसरच्या आपल्या घरी बसून स्नेहा महिलांच्या हेल्पलाइनवर फोन घ्यायची. फोनचं सॉफ्टवेअर नागपूरच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर चाले. तिच्या लॅपटॉपवर त्या कॉम्प्युटरचा नुसता स्क्रीन दिसे, आवाजही तिथूनच फिरून येई. त्या दुपारी एक बाई दबकत बोलत होती, पण आवाज तुकड्यातुकड्यांनी येत होता. "...रोजच... पोरीलेही... कुलूप लावून..."

"ताई, आवाज तुटून राहिला. पुन्हा सांगा."

बाईनं पुन्हा सगळं सांगितलं. पुन्हा तुकडेच आले.

"गावाचं नाव तरी सांगा!"

"...गाव." नावाचं शेवटचं तेवढंच ऐकू आलं.

बायकांची ओळख उघड होऊ नये म्हणून हेल्पलाइनवर कोणाचा नंबर दिसत नसे. स्नेहानं घाईघाईनं मोबाइलवरून ऑफिसातल्या अंकुशला गाठलं. त्यानं सेटिंग बदलून आवाज थेट तिच्या लॅपटॉपवर वळवला, तशी ती बाई अगदी शेजारी बसून बोलल्यासारखी ऐकू आली.

"दोनदा सांगतलं ना ताई सगळं. आता हे आले घरी."

अन् फोन बंद झाला.

"काय मॅडम, येऊन राहिला ना आवाज साफ?" अंकुशनं मोबाइलवरून विचारलं.

"हो," स्नेहा म्हणाली.