कुलूप नसलेलं गाव

"इकडे येण्याआधी ऐक," उत्तर ध्रुवाजवळच्या गावातून ताई फोनवर सांगत होती. "दोन महिने सूर्य उगवत नाही. दाराला कुलूप लावायचं नाही. वाटेत अस्वल दिसलं, की माणूस मिळेल त्या घरात शिरतो."

"अगं बाई! मग आपण काय करायचं?"

"चहा टाकायचा."

केतकीने डोळे मिटले. निळ्या अंधारात सगळी दारं नुसती लोटलेली होती, खिडकीखालून पांढरं अस्वल ढगासारखं संथ चाललं होतं, आणि ती अनोळखी पाहुण्यासाठी आलं किसत होती.

उद्या नवरा तिला माहेराहून न्यायला येणार होता. कामावर जाताना तो तिला आत ठेवून बाहेरून कडी घालायचा.

"ताई, तिथे दारांना बाहेरून कडी असते?"



"नाही गं."

"मग काढ माझं तिकीट."