पाहुण्यांचा रांजण

"आणखी चिमूटभर मीठ टाक," लिपेय म्हणाला.

त्याच्या बायकोने, सुग्नुमाने, पाण्याच्या रांजणात मूठभर टाकलं. "चिमटीनं काय होतंय? तोंडं वाकडी व्हायला हवीत मेल्यांची."

पाहुण्यांसमोर आपल्याच गावाला नावं ठेवायची, ही त्या वाळवंटातल्या गावाची पणजोबांपासूनची रीत. पूर्वेकडून चीनच्या हानांचं सैन्य यायचं, उत्तरेकडून हूणांचे घोडेस्वार. गाव बरं दिसलं की दोघंही ओरबाडायचे. दोघांनीही पाच-पाच मुलं ओलीस नेली होती. दुभाष्या लिपेयचा मुलगा चिमोल हूणांकडे गेला तेव्हा सात वर्षांचा होता. त्या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. पोराला आपली भाषा तरी आठवत असेल का, या विचाराने लिपेयचा जीव तुटायचा.

आज दोन्ही दूत पहिल्यांदाच एका सतरंजीवर बसले होते. तह झाला तरच मुलं सुटणार होती.

हानांच्या दूताने घोट घेतला आणि थुंकला. "हे पिता तुम्ही?"

"काय करणार, मायबाप! दरवर्षी जास्तच खारट होतंय. झाडंसुद्धा जळाली," लिपेय म्हणाला. जर्दाळूच्या बागा टेकाडामागे होत्या. तिकडे त्याने कुणाला फिरकू दिलं नव्हतं.

हूण दूत हसला. "विचार याला, असल्या गावासाठी इतकी वर्षं माणसं मारली आपण?"

लिपेयने ते तसंच्या तसं सांगितलं. हानांचा दूतही हसला. "पाणी येतं कुठून?"

"वर नदीला मातीचा बांध आहे, दोन कोसांवर, तिथून पाट येतो. बांध मोडकाच."

शेवटच्या बोलण्याला हानांनी स्वतःचा दुभाष्या घेतला आणि लिपेयला तंबूबाहेर बसवलं. त्याला वाईट वाटलं नाही. तह होतोय, एवढंच त्याला पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच दूत निघून गेले. मागे राहिला तहाचा कागद. दुपारी सगळं गाव चौकात जमलं. सकाळपासून पाटाचं पाणी उतरलं होतं, पण त्या दिवशी पाटाकडे कोण बघतंय!

लिपेय वाचू लागला. पहिलं कलम, लढाई थांबली. दुसरं, ओलीस मुलं महिनाभरात घरी.

सुग्नुमा मटकन खाली बसली आणि रडू लागली. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. लिपेयला अक्षरं दिसेनात.

"वाचा की हो पुढं!" सुग्नुमा हुंदके देत म्हणाली.

डोळे पुसून त्याने शेवटचं कलम वाचलं.

"इथलं पाणी दोन्ही दूतांनी स्वतः चाखलं आहे. हे गाव कुणाच्याच कामाचं नाही. पुन्हा त्यावरून भांडण नको, म्हणून दूत जाताना वरचा बांध फोडून जातील."