स्क्रूड्रायव्हरची मूठ

पंपहाऊसच्या घरघरीत बाबांचा जन्म गेला आणि त्यातच कानही गेले. जुना पंप काढणार म्हटल्यावर मी त्यांना त्याच्या शेवटच्या भेटीला नेलं. त्यांनी सवयीनं स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या पंपाला लावलं, मूठ कानामागच्या हाडावर टेकवली आणि डोळे मिटले.

"ऐकू येतंय गं. बेअरिंग अजून ठणठणीत आहे."

येताना स्क्रूड्रायव्हर त्यांच्या खिशातच राहिला.

घरी आई लाकडी खुर्चीला पाठ टेकून, गुणगुणत शर्टाला बटण शिवत होती. बाबांनी हळूच मागून खुर्चीला टोक लावलं आणि मूठ कानामागे धरली.

"काय हो, आता काय बिघडलं?"

"काही नाही," बाबा डोळे मिटूनच म्हणाले. "क्वार्टरमध्ये असताना म्हणायचीस, तेच गाणं ना? चालू राहू दे."