काळा सेंट

ओहायोतल्या त्या नाणेक्लबात दर शनिवारी कोणी ना कोणी टांकसाळीत चुकीचं उमटलेलं, म्हणून महागडं नाणं निघेल या आशेने खिशातली चिल्लर घेऊन यायचं आणि क्लबचा जाणकार वेंडेल त्याची पार लाज काढायचा. "टांकसाळीची चूक म्हणे. ही ट्रकच्या टायरची चूक आहे. व्हिडिओ बघून सगळे लखपती व्हायला निघालेत."

त्या शनिवारी हॉटेलात वाढपाचं काम करणारी डार्ला टिपमध्ये आलेलं एका सेंटचं काळंकुट्ट नाणं घेऊन आली. "साल दोनदा उमटल्यासारखं दिसतंय. नीट बघा ना, घराचं छप्पर गळतंय माझ्या."

वेंडेलने भिंगाला हातही लावला नाही. "गटारातून काढलास का? आधी घासून आण, मग बघू." सगळे खो खो हसले.

पुढच्या शनिवारी डार्लाने लखलखीत सेंट समोर ठेवला. केचप चोपडून, तारेच्या घासणीने रात्रभर घासलेला. वेंडेलने भिंगातून पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. साल खरंच दोनदा उमटलं होतं.

"अस्सल आहे हा. होता तसा ठेवला असतास तर नवं छप्पर आलं असतं. घासलेल्या नाण्याला कुत्रं विचारत नाही. कुठल्या मूर्खाने सांगितलं तुला घासायला?"



गेल्या शनिवारी हसलेले सगळे वेंडेलकडे बघत होते.