दस्तुरखुद्द

नवरा सासऱ्यांच्या पाठीमागे पलंगावर चढून बसला, तेव्हा सुनेला वाटलं, उशी सारखी करत असेल. कधी नव्हे ती बापाची सेवा सुचली म्हणायची! पण त्याने म्हाताऱ्याच्या मांडीवर फळी ठेवली, तिच्यावर कोरा कागद. लुळ्या उजव्या हातात पेन कोंबलं आणि त्या मुठीवर आपली मूठ आवळली.

वकिलाने त्याला एक शब्द शिकवला होता. छापलेल्या कागदावर उद्या कोणीही बोट ठेवील. कर्जाची कबुली कशी, घेणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली हवी. जुन्या खतांवर त्याला दस्तुरखुद्द म्हणत. सकाळपासून हा शब्द तो गोळीसारखा चघळत होता.

मजकूर असा: मुलाकडून वेळोवेळी हातउसने घेतले, माझ्या मागे राहतं घर विकून त्याने ते वसूल करावेत. उसने कसले न् काय! उलट याचीच दोन दुकानं बापाच्या पैशांवर बुडाली होती. खरी अडचण होती ती खालच्या खोलीत शिवणयंत्रावर पोट भरणाऱ्या बहिणीची. कागद झाला की तिला बाहेरचा रस्ता. ती बापाचीच औषधं आणायला गेली होती. तेवढी वेळ पठ्ठ्याने बरोबर साधली.

म्हाताऱ्याची वाचा गेली होती, समज नव्हती गेली. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ. लाळ कागदावर सांडली आणि अक्षरं फिसकटली.

गिळता येत नाही का, म्हणून तो बापावर खेकसला. कागद चुरगळून दुसरा घेतला. सुनेने सासऱ्यांचं तोंड पुसलं आणि तिला किळस आली. त्यांची सगळी घाण ती रोज काढत होती, पण असं कधी झालं नव्हतं. किळस आली ती त्या वरच्या मुठीची.

शेवटची ओळ आली: राजीखुशीने, अक्कलहुशारीने लिहून दिले असे. 'राजीखुशीने'पाशी म्हाताऱ्याची मूठ अडली. मुलाने दातओठ खाऊन ती पुढे रेटली. बोटं कडकड वाजली. मग सही झाली.

"साक्षीदार म्हणून तू सही कर," तो बायकोला म्हणाला. "समक्ष लिहिलं, एवढंच."

तिने पेन घेतलं. सासऱ्यांच्या सहीला लागून, पावतीवर लिहितात तसं, तिने लिहिलं: हस्ते चिरंजीव. त्याखाली स्वतःची सही ठोकली आणि कागद उचलला.

त्याने वाचलं. "हे काय केलंस?"

"समक्ष पाहिलं ते लिहिलं. ताई येतीलच इतक्यात, त्यांना दाखवते."

कागद हिसकायला त्याने हात पुढे केला. तळव्यावर बापाची लाळ आणि शाई माखली होती. ती मागे सरली.

"आधी हात धुऊन या."