सिस्टरचे केस

चर्चच्या शाळेतल्या म्हाताऱ्या सिस्टर लूसी गेल्याचं कळताच शिवकन्या इस्लापूरहून मिळेल त्या गाडीनं नांदेडला आली. आई वारल्यावर बापानं तिला याच शाळेच्या वसतिगृहात ठेवलं होतं. दर रविवारी सिस्टर पोरींना तेल लावून वेण्या घालायच्या. दफनाआधी देहाला अंघोळ घालायला तिथल्या एका तरुण सिस्टरनं तिला मदतीला घेतलं. डोक्यावरचं पांढरं वस्त्र निघालं आणि शिवकन्येनं सिस्टरचे केस जन्मात पहिल्यांदा पाहिले; कात्रीनं कसेबसे कापलेले, कोरडेठाक. "यांना तेल कोण लावायचं वो?" "कुणीच नाही. त्या कुणाला लावू द्यायच्या नाहीत." शिवकन्येनं वसतिगृहातल्या पोरींकडून खोबरेल मागून आणलं, तळहातावर घेतलं आणि हळूहळू चोळू लागली. डोळ्यांतून गळणारं पाणी पुसायला हात मोकळे नव्हते. "ताई, आटपा. फादर चर्चमध्ये खोळंबलेत," तरुण सिस्टर म्हणाली. "थांबा वो," शिवकन्या म्हणाली, "तेल मुरू द्या."