बुवांचा अंगठा

जोतीरामनं गुंडाळी सोडली आणि फोटो घोंगडीवर पसरला. कागद पुन्हा वळायला लागला तसे आक्कांनी देवघरातले टाळ आणून चारी कोपऱ्यांवर ठेवले.

दीड हात उंचीचे ज्ञानूबुवा. डोक्याला पांढरा फेटा, गळ्यात तुळशीची माळ, उजवा हात वर उचललेला, ऐन कीर्तनात. उद्या त्यांना जाऊन वर्ष होत होतं. उद्याच्या कीर्तनाला, ते उभे राहायचे त्याच जागी, पाटावर हा फोटो ठेवायचा होता. त्यांच्या पत्नीनं, आक्कांनी, एकदा व्हय म्हटलं की संध्याकाळी काच बसणार होती.

"आगं बाई! मामंजी हिरो दिसाय लागलेत की!" सून क्रांती चहा घेऊन आली होती.

जोतीराम खुलला. तो गावातलाच, वारणानगरच्या डेअरीत नोकरीला. सुट्टीदिवशी कॅमेरा गळ्यात पडला की रात्रीपर्यंत उतरत नसे. सात वर्षं त्यानं बुवांची कीर्तनं टिपली होती. या एका फोटोवर तो चार दिवस बसला होता.

"समईभोवती हा मऊ उजेड दिसतोय न्हवं आक्का, तो फिल्टरचा. भिंगापुढं काच लावायची असती. तीन काचा लावून बघितल्या त्या दिवशी, तवा ही जमली. मागची ट्यूब घरी काढून टाकली. कपाळावरचा घाम कमी केला. डाग-बिग सगळं पुसून घेतलं."

चष्मा सारखा करून आक्का वाकल्या. नजर चेहऱ्यावर फिरली, खांद्यावरून गेली आणि वर उचललेल्या हातापाशी थांबली. तिथंच राहिली.

"हात कुणाचा ह्यो?"

"बुवांचा की."

"न्हाय."

क्रांतीही वाकली. "आक्का, अंगठा बघा की कसा गोरापान! वर जाऊन मामंजी भांडी घासाय लागले का काय?" म्हणता म्हणता तिचं तिलाच कळलं.

जोतीरामला आठवलं. लॅपटॉपवर फोटो मोठा करून तो कडेकडेनं साफ करत गेला होता. अंगठ्याच्या पेरावर, नखाच्या खाचेत काहीतरी काळं होतं. मळ वाटला. दोनदा बटण दाबलं, गेला.

तो बुका होता.

कीर्तन संपलं की बुवा मंडपाच्या दारात येऊन उभे राहायचे. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळाला स्वतःच्या अंगठ्यानं बुका लावायचे. हमाल असो, आमदार असो, आईच्या कडेवर झोपलेलं लेकरू असो, अंगठा तोच आणि दाबही तेवढाच. चाळीस वर्षं.

"अंघोळीनं निघायचा न्हाय," आक्का फोटोकडेच बघत म्हणाल्या. "भाकरी मोडली तर भाकरीला वास यायचा."

"पहिला फोटो असंल की भावजी," क्रांती हळूच म्हणाली. "न पुसलेला."

"त्याच्यावरच सेव्ह केला." जोतीराम म्हणाला. "कार्डही मोकळं केलं, भाचीच्या लग्नासाठी."

"मग दुसरा एखादा?"

"दुसऱ्यांत हात टाळाआड हाय." मग तो घाईनं म्हणाला, "आक्का, मी तिथं काळा रंग भरून आणतो. पाच मिनिटांचं काम हाय."

"रंग?" आक्का म्हणाल्या.

त्यानं मान खाली घातली.

आक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. देवघरातून पितळेची डबी घेऊन आल्या. झाकण उघडलं तसा वास खोलीभर झाला. गेलं वर्षभर त्या कपाळाला याच डबीतला बुका लावत होत्या, कुंकवाच्या जागी. त्यांनी अंगठा डबीत बुडवला, फोटोवर वाकल्या आणि बुवांच्या अंगठ्यावर टेकवला. जरा वेळ तसाच ठेवला.

कागदानं काळं धरलं. ठसा पेराबाहेर गेला होता. चार कण निसटून बुवांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर पडले.

जोतीरामचा हात आपोआप खिशात गेला. भिंगाच्या काचा पुसायचं मऊ फडकं त्यानं बाहेर काढलं.

"पुसू नगंस."

त्यानं फडकं मुठीत धरलं.

"जोती, तुला कधी लावला रं त्यांनी?"

त्यानं दुसऱ्या हातानं गळ्यातला कॅमेरा धरला. बुका उडतो. कॅमेऱ्यात गेला तर निघत नाही. म्हणून आरती सुरू झाली की तो कॅमेरा पदराखाली लेकरू घ्यावं तसा जर्किनात घ्यायचा आणि मंडपाच्या मागच्या बाजूनं निघून जायचा.

"सात वर्षं आलास," आक्का म्हणाल्या. रागानं नाही, आठवत आठवत. "दारातनं एकदा गेला न्हाईस. सगळी माणसं पांगली तरी ह्यांचं आपलं दारातच. मी म्हणायची, मिटा की आता ती डबी, चला घरला. तर म्हणायचे, थांब जरा. फोटोवाला राहिलाय."

क्रांतीनं पदर तोंडाला लावला. चहा तसाच निवत होता.

जोतीरामनं गळ्यातला कॅमेरा काढला आणि खाली घोंगडीवर ठेवला.

डबी अजून उघडीच होती.